गुरुवारची बैठक : नार्निया, हॉबिट आणि एक निवृत्त मेजर



एरवी मी तुमच्याशी लढायांबद्दल बोलतो. आज लहान मुलांच्या गोष्टींबद्दल बोलणार आहे. दचकू नका, विषय फार लांब गेलेला नाही. आजच्या कथेतले दोन लेखक पहिल्या महायुद्धात खंदकांत होते आणि त्यांच्या बैठकीत चहा करणारा तिसरा गडी पेशानेच लष्करी अधिकारी होता. लेखकांची नावं तुमच्या नातवंडांना ठाऊक असतील : नार्नियाच्या सात पुस्तकांचे लेखक सी. एस. लुइस आणि ‘द हॉबिट’चे लेखक जे. आर. आर. टॉल्किन. तिसऱ्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. तो लुइसचा थोरला भाऊ, मेजर वॉरन लुइस. घरात त्याला वॉर्नी म्हणत आणि धाकट्याला जॅक.

आज मला सांगायचं आहे ते एवढंच. नार्नियाची कल्पना एका माणसाच्या डोक्यात तीसेक वर्षं पडून होती. ती कागदावर उतरली, कारण त्या माणसाभोवती ऐकणारी माणसं होती. ती सगळी कौतुक करणारी होती असंही नाही. एकाने तर तोंडावर सांगितलं, हे जमलेलं नाही. तरी पुस्तक झालं. कसं झालं, ते पाहू.

सुरुवात बेलफास्टपासून. वॉर्नीचा जन्म १८९५ चा, जॅकचा १८९८ चा. एकदा वॉर्नीने बिस्किटांच्या डब्याच्या झाकणात शेवाळ पसरलं, त्यात काड्या आणि फुलं खोचली आणि एक चिमुकली बाग करून धाकट्याला दाखवायला आणली. जॅकने पुढे आत्मचरित्रात लिहिलं की सौंदर्य म्हणजे काय हे त्याला पहिल्यांदा त्या झाकणात कळलं. दोघा भावांच्या अंगठ्यांत जन्मतः एक सांधा कमी होता. कात्री चालवणं, पुठ्ठ्याची घरं करणं हे जॅकच्या हातून होईना. म्हणून आपण लिहायला लागलो, असं तो म्हणे.

पोरांनी आपापले देश तयार केले. जॅकच्या देशात चिलखत घातलेले उंदीर आणि ससे मांजरांशी लढत. वॉर्नीला आगगाड्या आणि आगबोटी आवडत. त्याच्या देशाचं नाव काय असेल? इंडिया! होय, आपलाच. पुढे दोघांनी हे देश जोडून ‘बॉक्सन’ नावाचं एक राज्य केलं. नकाशात भारत बसेना, तेव्हा त्यांनी त्याचं बेट केलं. हिमालयाच्या पाठीमागे समुद्र आणला आणि तिथून प्राण्यांच्या देशापर्यंत आगबोटींचे मार्ग आखले. भारताच्या गादीवर त्यांनी हॉकी नावाचा राजा बसवला. हे बालपणीचं लिखाण १९८५ साली पुस्तकरूपाने छापलं गेलं आहे. बेलफास्टच्या दोन पोरांनी हिमालयामागे बंदर बांधलं याचं मला अजून हसू येतं. पण त्या हसण्याच्या आड एक गोष्ट लक्षात घ्या. नार्नियाच्या लेखकाचा पहिला देश त्याने एकट्याने वसवलेला नव्हता. त्यात आगबोटी सोडणारा भाऊ सोबत होता.

ऑगस्ट १९०८ मध्ये त्यांची आई कर्करोगाने गेली. जॅक नऊ वर्षांचा होता, वॉर्नी तेरा. काही आठवड्यांत जॅकलाही इंग्लंडमधल्या बोर्डिंग शाळेत पाठवलं गेलं. घर होतं तिथेच राहिलं, पण ते घरासारखं उरलं नाही. नार्निया मालिकेतलं ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ हे पुस्तक १९५५ साली आलं. त्यात एक मुलगा आजारी आईसाठी दुसऱ्या जगातून सफरचंद आणतो आणि आई बरी होते. ४७ वर्षांनी लेखकाने ती आई कागदावर वाचवली.

आता युद्ध. वॉर्नीला १९१४ साली आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये कमिशन मिळालं आणि त्याच वर्षी तो फ्रान्सला गेला. मी स्वतः आपल्या एएससीतला आहे, म्हणून हे जरा अभिमानाने सांगतो. रेशन, पेट्रोल, दारूगोळा, वाहनं हे पोचवणारं हे दल. ते पोचलं तर कुणी नाव घेत नाही आणि नाही पोचलं तर सगळे घेतात. वॉर्नीचं पुढचं आयुष्यही काहीसं तसंच गेलं.

जॅक १९१७ साली सॉमरसेट लाइट इन्फंट्रीत सेकंड लेफ्टनंट झाला. आघाडीवर पोचला तो त्याचा एकोणिसावा वाढदिवस होता, २९ नोव्हेंबर १९१७. एप्रिल १९१८ मध्ये तोफगोळा जवळ फुटून तो जखमी झाला. त्याच्या शेजारी असलेला सार्जंट एअर्स त्यात गेला. या कोवळ्या अधिकाऱ्याला त्या सार्जंटने बापाच्या मायेने सांभाळलं होतं, असं लुइसने लिहून ठेवलं आहे. ज्यांनी प्लाटून सांभाळली आहे त्यांना हे नातं समजावून सांगायला नको. नवा साहेब येतो आणि जुना हवालदार त्याला, साहेबाचा मान राखून, साहेब करतो. भाऊ जखमी झाल्याचं कळताच वॉर्नी त्याला इस्पितळात भेटायला गेला.

प्रशिक्षणात जॅकच्या खोलीत पॅडी मूर नावाचा एक कॅडेट होता. आपल्यापैकी एक गेला तर उरलेल्याने दुसऱ्याच्या घरच्यांकडे पाहायचं, असा शब्द दोघांनी एकमेकांना दिला होता, असं सांगतात. मार्च १९१८ मध्ये पॅडी मारला गेला. लुइसने त्याच्या आईला आणि बहिणीला आपल्या घरात आणलं आणि त्या बाईंना १९५१ साली त्या जाईपर्यंत सांभाळलं.

टॉल्किन वयाने मोठा, जन्म १८९२ चा. लँकेशायर फ्युझिलियर्समध्ये तो सिग्नल अधिकारी होता आणि १९१६ मध्ये सोमच्या लढाईत होता. त्याची शाळेपासूनची चार मित्रांची टोळी होती. चौघे एकमेकांच्या कविता वाचत आणि आपण काहीतरी मोठं करणार अशी त्यांची पक्की खात्री होती. रॉब गिल्सन १ जुलै १९१६ ला, लढाईच्या पहिल्याच दिवशी गेला. जेफ्री स्मिथ डिसेंबरमध्ये जखमांनी गेला. जाण्याच्या काही महिने आधी स्मिथने टॉल्किनला लिहिलं होतं की मी राहिलो नाही तर मला जे सांगायचं होतं ते तू सांग. टॉल्किन उवांमधून पसरणाऱ्या खंदकतापाने आजारी पडून नोव्हेंबरमध्ये मायदेशी परतला होता, म्हणून वाचला. इस्पितळात आणि रजेवर असतानाच त्याने आपल्या पुराणकथांची पहिली पानं लिहिली. पुढे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला साधाभोळा सॅम त्याने निर्माण केला, तोही आपण युद्धात पाहिलेल्या साध्या शिपायांवरून आणि सहायकांवरून घेतल्याचं त्याने सांगितलं आहे.

म्हणजे युद्ध संपलं तेव्हा एकाकडे मेलेल्या मित्रांचा निरोप होता, दुसऱ्याकडे मेलेल्या मित्राचं घर. हे दोघे ११ मे १९२६ रोजी ऑक्सफर्डला प्राध्यापकांच्या एका सभेत पहिल्यांदा भेटले. पहिलं मत काही फार बरं झालं नाही. माणूस तसा निरुपद्रवी आहे, एखाददुसरी टपली दिली की सरळ होईल, अशा अर्थाची नोंद लुइसने डायरीत केली. पण उत्तरेकडच्या जुन्या दंतकथांचं वेड दोघांनाही होतं. ते कळलं आणि रात्री जागू लागल्या.

१९३३ च्या सुरुवातीला टॉल्किनने मुलांसाठी लिहिलेली एक गोष्ट लुइसला वाचायला दिली. ती ‘हॉबिट’. लुइसने ती झपाटून वाचली आणि आपला बेलफास्टचा बालमित्र आर्थर ग्रीव्ह्जला पत्रातून तिच्याबद्दल कळवलं. १९३७ साली पुस्तक छापून आलं तेव्हा परीक्षणही लिहिलं. त्याच सुमाराला दोघांनी ठरवलं की आपल्याला आवडतात तशा गोष्टी कुणी लिहीत नाही, तर आपणच लिहू. लुइसच्या वाट्याला अंतराळप्रवास आला, टॉल्किनच्या वाट्याला कालप्रवास. लुइसचं पुस्तक १९३८ मध्ये बाहेर पडलं. टॉल्किनचं अर्धवट राहिलं. ही दोघांच्या स्वभावांतली तफावत. एक धडाधड लिहून मोकळा होई, दुसरा एकेक नाव दहादा तपासून पाही.

आता गुरुवारच्या बैठकीकडे येऊ. डिसेंबर १९३२ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, वॉर्नी सैन्यातून निवृत्त झाला आणि ऑक्सफर्डजवळ जॅकच्या घरी राहायला आला. दुसऱ्या महायुद्धात त्याला परत बोलावलं गेलं, मेजरचा हुद्दा मिळाला, आणि १९४० साली डंकर्कहून परतलेल्यांत तोही होता. त्यानंतर कायमचा घरी. मॉडलिन कॉलेजातल्या लुइसच्या खोलीत गुरुवारी रात्री मंडळी जमत. स्वतःला ते ‘इंकलिंग्ज’ म्हणवत. या नावात शाईही आहे आणि अंधूक कल्पनाही. नाव त्यांनी विद्यार्थ्यांच्या एका जुन्या मंडळाकडून उचललं होतं. मंगळवारी सकाळी ‘ईगल अँड चाइल्ड’ या पबमध्ये गप्पा होत, पण वाचन मुख्यतः गुरुवारचं.

या बैठकीला सदस्यत्व नव्हतं, वर्गणी नव्हती, अध्यक्ष नव्हता, ठराव नव्हते. हे सगळं आपल्याला कळतं ते बरंचसं वॉर्नीमुळे. अर्धा डझन माणसं जमली की तो कडक चहाची किटली आणी, पाइप पेटत आणि लुइस विचारी की आज कुणी काही वाचणार आहे की नाही. मग कुणीतरी कागद काढी. चांगल्याला मनापासून दाद मिळे आणि वाईटाला वाईटच म्हटलं जाई. मला यात आमच्या मेसमधली ती जागा दिसते, जिथे जेवणानंतर हुद्दा बाजूला ठेवून कॅप्टन कर्नलला सांगू शकतो की साहेब, हे तुमचं पटलं नाही. अशी जागा ज्याला मिळाली, तो नशीबवान.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ इथेच प्रकरणा-प्रकरणाने वाचलं गेलं. ते सगळ्यांना रुचत नव्हतं. ह्यूगो डायसन तर कंटाळून वाचन नको म्हणे. १९४४ मध्ये टॉल्किनचं लेखन अडलं होतं तेव्हा लुइसने त्याच्या मागे लकडा लावला. नवी प्रकरणं लिहून होत तशी टॉल्किन ती दक्षिण आफ्रिकेत हवाई दलाच्या प्रशिक्षणात असलेल्या आपल्या मुलाला पाठवी. पुस्तक १९५४-५५ साली प्रसिद्ध झालं. लुइसने पाठ धरली नसती तर ते कधीच पुरं झालं नसतं, असं टॉल्किनने पुढे अनेकदा मान्य केलं. लुइसने आपल्याला साहित्यिक प्रभाव दिला नाही, नुसता हुरूप दिला, हा त्याचा हिशोब.

आता नार्निया. लुइस सांगतो की ही पुस्तकं कुठल्याही शिकवणीपासून सुरू झाली नाहीत. ती चित्रांपासून सुरू झाली. सोळाव्या वर्षापासून त्याला एक चित्र दिसे : बर्फाळ जंगल आणि त्यात हातात छत्री आणि पुडकी घेऊन निघालेला फॉन, म्हणजे वरून माणूस आणि खाली बोकडाचे पाय असलेला प्राणी. बस, एवढंच. १९३९ साली बॉम्बहल्ल्याच्या भीतीने लंडनची मुलं खेडोपाडी हलवली गेली तेव्हा काही शाळकरी मुली लुइसच्या घरी राहायला आल्या. त्या सुमाराला त्याने चार मुलांची एक गोष्ट सुरू केली आणि थोड्याच ओळींनंतर सोडली. ती ओळ दुसऱ्याच एका हस्तलिखिताच्या पाठकोऱ्या बाजूला सापडते. मग १९४८ च्या आसपास ते चित्र पुन्हा पुढे आलं. त्याच सुमाराला लुइसला सिंहांची स्वप्नं पडू लागली, आणि सिंह गोष्टीत शिरला तशी सगळी गोष्ट त्याच्यामागून ओढली गेली. सिंहाचं नाव अस्लान. ते त्याला अरबी सुरस कथांच्या इंग्रजी भाषांतराच्या टिपांत सापडलं. तुर्की भाषेत त्याचा अर्थ सिंह. आपल्याकडे अर्सलान हे नाव ऐकू येतं, ते त्याच कुळातलं.

पहिली प्रकरणं लुइसने टॉल्किनला वाचून दाखवली. टॉल्किनला ती मुळीच आवडली नाहीत. फॉन ग्रीक-रोमन पुराणातला, नाताळबाबा भलतीकडचा, बोलणारे बीव्हर आणखी तिसरीकडचे. जगाचा नकाशा आणि भाषांची व्याकरणं आधी रचून मग गोष्ट लिहिणाऱ्या माणसाला ही भेळ कशी पचावी? ज्या मित्राच्या पुस्तकासाठी लुइसने एवढी वर्षं पाठपुरावा केला, त्याच मित्राने असं म्हणावं हे लुइसला लागलं. मार्च १९४९ मध्ये त्याने तीच प्रकरणं रॉजर लान्सेलिन ग्रीन या आपल्या जुन्या विद्यार्थ्याला वाचून दाखवली आणि विचारलं, पुढे लिहू का? ग्रीन म्हणाला, लिहा. तो स्वतः मुलांसाठी लिहिणारा होता, त्याने पुढचे खर्डेही वाचले, सूचना केल्या आणि साऱ्या मालिकेला ‘क्रॉनिकल्स ऑफ नार्निया’ हे नावही त्यानेच सुचवलं. ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ ऑक्टोबर १९५० मध्ये बाजारात आलं, आणि १९५६ पर्यंत सातही पुस्तकं झाली.

इथे दोन्ही मित्रांना न्याय द्यायला हवा. टॉल्किनने खोटं कौतुक केलं नाही, आणि लुइसने त्यावरून मैत्री तोडली नाही. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा पहिला खंड आला तेव्हा त्याने उघड, भरभरून परीक्षण लिहिलं. माझ्या पुस्तकाला तू नाक मुरडलंस म्हणून तुझ्यावर मी गप्प बसेन, हा हिशोब त्याने मांडला नाही. लेखनाच्या मैत्रीची कसोटी कुठली म्हणाल, तर मी ही म्हणेन.

आणि चित्रांचं काय? टॉल्किनच्या ‘फार्मर जाइल्स ऑफ हॅम’ या छोट्या पुस्तकाला १९४९ मध्ये पॉलिन बेन्स या तरुण चित्रकर्तीने चित्रं काढली होती. त्यातून ती लुइसकडे आली आणि नार्नियाच्या सातही पुस्तकांची चित्रं तिने काढली. म्हणजे नार्निया न आवडलेल्या टॉल्किनच्या पुस्तकातूनच नार्नियाला त्याचा चेहरा मिळाला. या बाईंचे वडील आपल्याकडे सनदी नोकरीत होते. तिची पहिली पाच वर्षं आग्र्याला आणि उन्हाळ्यात मसुरीला गेली. शेवटच्या पुस्तकाला कार्नेगी पदक मिळालं, तिने अभिनंदनाचं पत्र लिहिलं, तेव्हा लुइसने उलट कळवलं की ते पदक आपल्या दोघांचं आहे.

पुस्तकांच्या अर्पणपत्रिका पाहिल्यात तर पहिली चारही बैठकीतल्या किंवा जवळच्या मित्रांच्या मुलांना वाहिलेली आहेत. पहिलं ओवेन बारफील्डच्या लूसी या मुलीला. गोष्टीतल्या सर्वांत धाकट्या मुलीचं नावही लूसीच, आणि कपाटात सगळ्यांच्या आधी शिरते ती तीच.

आता वॉर्नीकडे परत येतो, कारण माझं मन त्याच्यापाशी अडकलं आहे. चाळिशीच्या आत निवृत्त, लग्न नाही, मुलंबाळं नाहीत, वर दारूचा त्रास. तो त्रास त्याला आयुष्यभर होता. कधी कधी इस्पितळात ठेवावं लागे आणि धाकट्या भावाच्या जिवाला घोर लागे. गणवेश उतरवल्यावर सकाळी उठून करायचं काय, हा प्रश्न काय असतो ते आपल्यातल्या अनेकांना ठाऊक आहे. माझ्या ओळखीचे तीन चांगले अधिकारी या प्रश्नापुढे हरले. वॉर्नी पुरता हरला नाही. त्याने घराण्याची जुनी पत्रं आणि कागदपत्रं टाइप करून अकरा खंड बांधले. भावाला वाचकांची हजारो पत्रं येत, त्यांची उत्तरं तो दोन बोटांनी टाइप करी. आणि त्या गुरुवारच्या खोलीत त्यानेही एक दिवस आपले कागद काढले. विषय होता फ्रान्सचा चौदावा लुई आणि त्याचा दरबार. १९४४ मधल्या एका पत्रात टॉल्किनने त्या वाचनाचं कौतुक केलं आहे. पहिलं पुस्तक १९५३ मध्ये आलं आणि पुढे अशी एकूण सात झाली. विद्यापीठाचं तोंड न पाहिलेला, सँडहर्स्टमधून निघालेला हा माणूस, प्राध्यापकांच्या खोलीत चहा देता देता इतिहासकार झाला.

ऑक्टोबर १९४९ च्या एका गुरुवारी कुणीच आलं नाही, अशी नोंद त्याच्या डायरीत आहे. वाचनाच्या गुरुवारची ती जवळपास अखेर. मंगळवारच्या गप्पा पुढेही चालू राहिल्या. टॉल्किन आणि लुइस यांच्यात नंतर अंतर पडत गेलं, तरी २२ नोव्हेंबर १९६३ ला लुइस गेला तेव्हा टॉल्किनने मुलीला लिहिलं की घाव मुळाशी बसला आहे. वॉर्नी त्यानंतर नऊ वर्षांहून थोडा अधिक काळ जगला आणि १९७३ च्या एप्रिलमध्ये गेला. टॉल्किन त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये.

हे व्याख्यान बडोद्यात, इंदुरात, हैदराबादेत, बेळगावात, जबलपूरच्या किंवा महूच्या छावणीत बसून तुम्ही ऐकत असाल किंवा वाचत असाल. तुमच्यातल्या अनेकांपाशी मराठी बोलायलाही जवळपास माणूस नसेल, मग मराठीत लिहिलेलं ऐकायला कुठून असणार? तरी सांगतो. आठवड्यातून एक वार ठरवा. तिघे असले तरी चालतील, आणि शेजारी कुणी नसेल तर फोनवर. चहाची जबाबदारी एकाने घ्यावी. नातवंडांना सांगितलेली गोष्ट असो की पलटणीची आठवण, ती कागदावर उतरवून आणावी आणि मोठ्याने वाचावी. आवडलं नाही तर तसं सांगावं, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा यावं. लिहिणारे तुम्ही नसाल तर किटली हातात घ्या. ते कामही कुणीतरी करावं लागतं, आणि ते करणाऱ्याची डायरी पुढे इतिहास होते.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.